आकाशवाणी-दूरदर्शनचा खर्च कोणी उचलायचा? (खान्देशातल्या लोकांची मतं हवीत)

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. सरळ प्रश्न विचारतो. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवायला जो पैसा लागतो तो कोणी द्यायचा? सरकारने बजेटमधून, जाहिरातवाल्यांनी, का ऐकणाऱ्या-बघणाऱ्या आपण सगळ्यांनी थेट?

विषय डोक्यात यायचं कारण अमेरिका. २०२५ च्या जुलैत तिथल्या संसदेने सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत काढून घेतले आणि हे पैसे वाटणारी जी संस्था १९६७ च्या कायद्याने उभी राहिली होती तिने काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तिथल्या मोठ्या शहरातली स्टेशनं लोकांच्या देणग्यांवर तरून जातील, पण अलास्कासारख्या लांबच्या भागातली बारकी स्टेशनं याच पैशावर उभी होती. वाचल्यावर मला पहिल्यांदा आपलं जळगाव केंद्र आठवलं. आपल्याकडे उद्या पैसा आटला तर मुंबई-पुण्याचं काही अडणार नाही, पहिली कुऱ्हाड जळगाव-धुळ्यावर येणार.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. पैसे सगळ्यांनी द्यावेत, ऐकणाऱ्यानेही आणि न ऐकणाऱ्यानेही, पण तो पैसा मंत्रालयाच्या हातातून जाऊ नये. आणि त्यातला ठरलेला वाटा जिल्ह्याच्या केंद्राला मिळालाच पाहिजे.

भुसावळ_यार्ड
माले नही पटत भो. लाईट बिल, डिशचा रिचार्ज, घरातल्या चार मोबाईलचे रिचार्ज, आता त्यात रेडिओचं पण? जो ऐकतो त्याने द्यावं. माझ्या घरात रेडिओच नाहीये, पोरं दिवसभर यूट्यूबवर असतात. मी कशाला देऊ?

टपालवाले_आप्पा
भुसावळकर, जो ऐकतो त्याने द्यावं ही पद्धत आपल्याकडे होऊन गेली आहे, तुमच्या जन्माआधी असेल कदाचित. मी पोस्टातून रिटायर झालो. रेडिओचं लायसन आमच्याच खिडकीवर निघायचं. बारकंसं पुस्तक असायचं, दरवर्षी पैसे भरायचे आणि त्यात तिकीट चिकटवून शिक्का मारून द्यायचा. शेवटी शेवटी रेडिओला १५ रुपये आणि टीव्हीला ५० रुपये वर्षाचे होते. लायसन नसेल तर दंड. तपासणीवाला गावात आल्याची बातमी त्याच्या आधी पोचायची आणि सगळे रेडिओ धान्याच्या कणगीत जायचे, हे आमच्या पारोळ्याकडच्या गावात सगळ्यांना माहीत होतं.

१९८५ ला सरकारने ते लायसन बंदच केलं. वसुली करायलाच इतका व्याप की हाती काय उरतं हा प्रश्न होता. लाखो घरांतून पंधरा-पंधरा रुपये गोळा करायचे म्हणजे माणसं लागतात, पुस्तकं लागतात, हिशोब लागतो. पण एक गोष्ट त्यात चांगली होती, तेव्हा माणूस हक्काने बोलायचा. कार्यक्रम आवडला नाही की पोस्टकार्ड टाकायचा, "आम्ही लायसन भरतो, आमच्या फर्माईशीचं काय झालं" असं त्यात लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

शेवभाजी_स्पेशल
आप्पा, कणगीत रेडिओ 😄 आमच्या आज्जीने गोधडीत गुंडाळून ठेवला होता म्हणे आणि तो आत चालूच राहिला. तपासणीवाल्यासमोर गोधडी गाणं म्हणायला लागली.

केळीबाग_रावेर
भुसावळकर भाऊ, तुम्ही म्हणता यूट्यूब आहे, आहेच. माझ्याकडेपण आहे, वावरात बसून बघतो. पण थोडं शेतकऱ्याच्या बाजूने ऐका.

केळीवर करपा आला, का सीएमव्ही आला (तोच तो, पानं पिवळी पट्टेरी होऊन झाड वाढत नाही) की पहिला प्रश्न असतो फवारायचं काय आणि किती. यूट्यूबवर शोधलं की दहा व्हिडिओ येतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी शेवटी एका ठराविक कंपनीच्या औषधाचं नाव येतं आणि खाली नंबर. बोलणारा माणूस खोटं बोलतो असं मी म्हणत नाही पण त्याचं पोट कुणावर आहे ते दिसतं ना. सीएमव्हीवर तर औषधच नाही, रोगट झाड उपटून लांब नेऊन नष्ट करायचं आणि तो पसरवणारी मावा कीड आटोक्यात ठेवायची, एवढाच उपाय. झाड उपट म्हणून सांगण्यात कुठल्या कंपनीला पैसा मिळणार आहे? म्हणून ते सांगायला कुणी जाहिरात देत नाही. रेडिओवर जळगावच्या केळी संशोधन केंद्रातला शास्त्रज्ञ येतो तेव्हा तो हे सरळ सांगतो, कारण त्याला काही विकायचं नाही. माझ्या मते सगळा विषय इथेच आहे, पैसे कोण देतो त्यावर सल्ला ठरतो.

भुसावळ_यार्ड
केळीबाग दादा, हे मात्र बरोबर बोललात. तरी पण न ऐकणाऱ्याने का द्यायचं हे राहिलंच.

केळीबाग_रावेर
कारण केळी तुम्हीपण खाता 😄

खरंच सांगतो, रोगट झाड एकाने ठेवलं की शेजारच्या चार बागा जातात. मी ऐकून उपयोग नाही, शेजाऱ्याने पण ऐकलं पाहिजे. आणि त्याच्याकडून तुम्ही पैसे मागाल तर तो रेडिओ बंद करेल.

अमळनेर_ते_लंडन
इथे इंग्लंडमध्ये अजून लायसन चालू आहे म्हणून लिहिते. एप्रिल २०२५ ला ते वर्षाला १७४.५० पौंड झालं होतं. कुठलंही चॅनल लाईव्ह बघायचं असेल किंवा बीबीसीचं टीव्हीचं ॲप (आयप्लेअर) वापरायचं असेल तर घरटी एक लायसन लागतंच, मग तुम्ही बीबीसी बघा नाहीतर दुसरं काही. नुसत्या रेडिओला मात्र लागत नाही, रेडिओचं वेगळं लायसन इथे १९७१ लाच गेलं.

चांगलं काय ते आधी सांगते. बीबीसीच्या घरगुती चॅनलवर जाहिराती नाहीत. वेल्सच्या लोकांना वेल्श भाषेत आणि स्कॉटलंडच्या गेलिक बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत कार्यक्रम मिळतात. गेलिक बोलणारे किती, साठ-सत्तर हजाराच्या घरात. आपली अहिराणी बोलणारे त्याच्या कितीतरी पट आहेत आणि त्यांच्या वाट्याला काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे.

वाईट काय, तर राजवाड्यात राहणाऱ्याला आणि एकट्या राहणाऱ्या कामवाल्या बाईला रक्कम सारखीच. न भरल्यास खटला होतो आणि ज्यांच्यावर खटले होतात त्यात बायका खूप जास्त, कारण दारावर माणूस येतो तेव्हा घरी त्या असतात. आधी ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना फुकट होतं, २०२० पासून फक्त गरीब पेन्शनरांना राहिलं. बीबीसीची सध्याची सनद २०२७ च्या शेवटी संपते म्हणून इथेपण अगदी हाच वाद चालू आहे. मला स्वतःला लायसन भरायला काही वाटत नाही पण तीच पद्धत खान्देशात आणा असं मी म्हणणार नाही.

आकडेमोड_चोपडा
थोडे आकडे मांडतो. केंद्राच्या बजेटमधून प्रसार भारतीला (आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी संस्था) गेल्या काही वर्षांत साधारण अडीच ते तीन हजार कोटी रुपये वर्षाला मिळतात, त्यातला बहुतेक पैसा पगारात जातो. तीन हजार कोटी धरले आणि लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी वर्षाला एकवीस-बावीस रुपये होतात. भुसावळकर, म्हणजे पाच जणांच्या घरात महिन्याला नऊ रुपये. तुम्ही ते आजही देताच आहात, जीएसटीतून म्हणा नाहीतर इन्कम टॅक्समधून. फक्त तुम्हाला दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून तुम्ही जाब विचारत नाही.

जाहिराती पण जुन्याच आहेत. विविध भारती १९५७ ला सुरू झाली आणि दहा वर्षांनी १९६७ ला तिच्यावर जाहिराती आल्या, दूरदर्शनवर १९७६ पासून. म्हणजे आपली पद्धत आधीपासून खिचडीच आहे, थोडं लायसन थोडी जाहिरात थोडं सरकार. लायसन गेलं, जाहिरात खासगी चॅनलांकडे गेली, उरलं सरकार.

पांझराकाठचा_पवन
उरलं सरकार, इथेच घोडं पेंड खातं! जो पैसे देतो तो तोंड धरतो. मग सत्तेवर कुठलाही पक्ष असो, आमच्या धुळ्यातल्या पाणीटंचाईची बातमी आधी का मंत्र्याच्या फिती कापण्याची आधी, हे वेगळं सांगायला नको. केळीबाग दादांनी कंपनीबद्दल जे म्हटलं तेच सरकारला लागू होतं की.

आकडेमोड_चोपडा
लागू होतंच, आणि हे ओळखूनच स्वायत्ततेचा कायदा झाला. १९७८ ला बी. जी. वर्गीज समितीने स्वतंत्र संस्था काढा म्हणून सांगितलं, कायदा व्हायला १९९० उजाडलं आणि तो लागू व्हायला १९९७. मधे १९९५ ला सुप्रीम कोर्टाने एका क्रिकेटच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची पण मक्तेदारी नाही आणि धनदांडग्यांची पण नाही. प्रसार भारतीच्या बोर्डाची माणसं निवडायला समिती आहे, तिचे अध्यक्ष राज्यसभेचे सभापती, सोबत प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेला एक जण. कागदावर छान आहे. पण पगार मंत्रालयाच्या अनुदानातून येतो, दरवर्षी मागायला जावं लागतं, मग स्वायत्तता किती उरणार. २०१४ ला सॅम पित्रोदा समितीनेसुद्धा पैसा आणि माणसं या दोन्हीत खरी मोकळीक द्या असंच सांगितलं होतं.

शिरपूर_डिशवाला
मी डिश बसवायचं काम करतो म्हणून सांगतो. आमच्या भागात खेड्यावर जा, पत्र्याच्या घरावर जी डिश दिसते ती बहुतेक दूरदर्शनची फ्री डिश. एकदाच डिश आणि बॉक्सचे पैसे, त्यानंतर महिन्याला शून्य. २००४ ला सुरू झाली, आज देशात चार कोटींच्या वर घरांत आहे म्हणतात. गिऱ्हाईक मला विचारतं, फुकट कसं काय परवडतं सरकारला? तर फुकट कुणालाच नाही, तिच्यावर दिसायला खासगी चॅनलवाले पैसे मोजतात. जागेचा लिलाव होतो, हिंदी मनोरंजनाच्या चॅनलची बोली सगळ्यात वरून सुरू होते. मग भांडण कशाला, चॅनलवाल्यांकडून घ्या आणि आकाशवाणी चालवा. जनतेला भुर्दंड नाही.

गिरणाकाठ
डिशवाले भाऊ, मुद्दा चांगला आहे, पण त्यात एक अडचण दिसते. २०२२ ला मोठ्या कंपन्यांनी आपली हिंदी मनोरंजनाची चॅनलं फ्री डिशवरून काढून घेतली होती, नंतर काही परत आली. म्हणजे ते उत्पन्न त्यांच्या मर्जीवर. आणि दुसरं म्हणजे जागा भाड्याने देऊन पोट भरायची सवय लागली की जास्त भाडं देणाऱ्याचीच काळजी घेतली जाते. हिंदीला जास्त भाव, मराठीला कमी, मग अहिराणीला आणि सातपुड्यातल्या पावरीला विचारतो कोण?

शिरपूर_डिशवाला
हे खरं शे. आमच्याकडे गिऱ्हाईक मराठी चॅनल जास्त लावून द्या म्हणतं आणि मी कुठून आणू.

अहिराणी_धमाका
गिरणाकाठ सर, रागावू नका पण अहिराणीच्या नावाने सरकारी पैसा मागणं मला पटत नाही. आम्ही पोरं मिळून अहिराणी गाण्यांचं चॅनल चालवतो. कॅमेरा भाड्याचा, नाचणारी पोरंपोरी गावातलीच, शूटिंग कुणाच्यातरी वावरात. आज अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर करोडोंनी व्ह्यू आहेत, सुरतेत कामाला गेलेला आपला माणूस पण ऐकतो, नाशिक-पुण्याच्या लग्नात अहिराणी न कळणारे लोक आमच्या गाण्यावर नाचतात. यात एक रुपया सरकारचा नाही. भाषा अनुदानावर नाही जगली, लोकांच्या जोरावर जगली. जी गोष्ट लोकांना हवी असते ती टिकते, नको असते ती बंद पडली तर पडू द्या.

मांडे_खापरावरचे
@अहिराणी_धमाका दादा, तुमचं काम मनापासून आवडतं आणि आमच्याकडे हळदीला तुमच्याच गाण्यांवर नाच होतो. पण व्ह्यू मिळणारी गाणी कुठली? लग्नाची, नाचायची, नवरा-बायकोच्या थट्टेची. माझी आई कानबाईची (आमच्याकडची देवी) जी गाणी रात्रभर म्हणायची ती सावकाश चालतात, तासभर एकच चाल. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर जे म्हणतात त्यात सासरचं दुखणं आहे. त्यावर कोण नाचणार? ती गाणी म्हणणाऱ्या बाया आता ऐंशीच्या पुढे गेल्या. ती रेकॉर्ड करायला कुणी व्ह्यू मोजून येणार नाही, तिथे पगारी माणूस आणि चांगला माईकच लागतो.

उद्घोषिका_ताई
मांडे ताई, या विषयावर मला बोलायचंच होतं. मी एका आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केलंय, केंद्राचं नाव घेत नाही. लोकांना वाटतं आकाशवाणीत म्हणजे सरकारी नोकरी. आमच्यासारख्यांना महिन्यात मोजक्याच ड्युट्या मिळायच्या, मानधन महिनोन्महिने उशिरा, आणि तरी आम्ही जायचो कारण त्या खुर्चीत बसून बोलायला आवडायचं.

त्या केंद्रावर जुन्या स्पूल टेप होत्या, त्यात गावोगाव जाऊन केलेली रेकॉर्डिंग, भजनी मंडळं, शाहीर, जात्यावरच्या ओव्या. उन्हाळ्यात एसी बंद पडला की आमचा जीव खालीवर व्हायचा, कारण टेपला उष्णता आणि दमट हवा दोन्ही चालत नाही, चिकटतात. कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला मशीन पाहिजे, त्यावर बसायला माणूस पाहिजे, माहिती लिहायला त्या भागाची भाषा कळणारा पाहिजे. दिल्लीहून पैसा यायचा तो ट्रान्समीटरसाठी, इमारतीसाठी, पगारासाठी. कार्यक्रमासाठी उरायचं फार थोडं. गावात जाऊन रेकॉर्ड करायला गाडी मागितली की डिझेलचा हिशोब निघायचा. म्हणून मला कोण पैसे देतो याच्याइतकाच तो कुठल्या डब्यात पडतो हाही प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जास्त पैसा आला आणि सगळा दिल्लीच्या स्टुडिओत गेला तर आपल्याला काय?

अहिराणी_धमाका
ताई, त्या टेपमधली गाणी आम्हाला मिळतील का हो? आम्ही फुकटात उतरवून देऊ, नाव केंद्राचंच लावू.

उद्घोषिका_ताई
तसे सहज देत नाहीत, कलाकाराचे हक्क वगैरे असतात. पण लोकांच्या पैशातून झालेलं रेकॉर्डिंग लोकांना ऐकायला मिळालं पाहिजे, यावर मी तुमच्यासोबत आहे. अर्ज करायचा असेल तर भाषा मी लिहून देईन.

धडगाव_मास्तर
सगळं वाचलं. मंडळी, तुम्ही तापीच्या काठावरून बोलताय, मी सातपुड्यातून बोलतो. आमच्या पाड्यांवर मोबाईलला रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागतं. यूट्यूब आहे म्हणणाऱ्यांनी एकदा इकडे या.

एफएमचं सांगतो, त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, मधे डोंगर आला की संपलं. दरीतल्या पाड्यावर खरखरसुद्धा येत नाही. मीडियम वेव्ह जमिनीला धरून लांब जाते, म्हणून जुन्या काळी ९६३ वर काटा लावला की जळगाव इकडेसुद्धा लागायचं, रात्री तर खूप लांबची स्टेशनं. आता सगळा पैसा एफएमकडे चाललाय. २०२३ च्या जानेवारीत केंद्राने २०२६ पर्यंतच्या सुधारणांसाठी २,५३९ कोटींची योजना मंजूर केली, त्यात एफएम ८० टक्के लोकसंख्येपर्यंत न्यायचं म्हटलंय. उरलेले २० टक्के कोण? आम्हीच. हां, त्याच योजनेत दुर्गम आणि आदिवासी भागात, आकांक्षित जिल्ह्यात आठ लाख फ्री डिश बॉक्स फुकट द्यायचं पण होतं, नंदुरबार आकांक्षित जिल्हाच आहे, ते चांगलंच आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीचे पाठ लागायचे. ज्या पाड्यावर एक टीव्ही होता तिथे वीस पोरं अंगणात बसलेली मी बघितली. पण पाठ मराठीत, आणि पहिलीच्या पोराला घरची भाषा पावरी किंवा भिली. निम्मं डोक्यावरून. पावरीतून पाठ करायचा तर त्याला जाहिरात कोण देणार? साबण कंपनीला तिथे गिऱ्हाईकच नाही. म्हणून जाहिरातीवर चालवा म्हणणं म्हणजे ज्याच्याकडे खर्चायला पैसा आहे त्याच्यासाठीच चालवा म्हणणं झालं.

भुसावळ_यार्ड
मास्तर, तुमचं वाचून गप्प बसलो. ऐकतो त्याने द्यावं हे तुमच्या पाड्याला लावलं तर काहीच उरणार नाही, कळलं. पण मग लाईट बिलात लावणार असाल तर अजूनही विरोध! बिलात आधीच स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, काय काय असतं, विजेपेक्षा बाकीचं जास्त.

अमळनेर_ते_लंडन
लाईट बिलाचा प्रयोग जगात झालाय बरं का. इटलीत २०१६ पासून टीव्हीची फी विजेच्या बिलात घेतात, चुकवेगिरी एकदम कमी झाली म्हणून रक्कम उलट १०० वरून ९० युरो केली. दक्षिण कोरियात पण १९९४ पासून बिलातच होती, २०२३ ला सरकारने ती वेगळी काढली आणि त्यांच्या सरकारी चॅनलची वसुली अडचणीत आली. ग्रीसमध्येही बिलातूनच जायचे, तिथे तर २०१३ च्या जूनमध्ये सरकारने सार्वजनिक चॅनल एका रात्रीत बंद केलं, पडदा काळा. दोन वर्षांनी परत सुरू झालं. म्हणजे पैसा बिलातून आला तरी बंद करायची चावी सरकारकडे असेल तर उपयोग नाही.

पांझराकाठचा_पवन
मग अशी कुठली पद्धत आहे का जिथे चावी सरकारकडे नाही?

आकडेमोड_चोपडा
त्यातल्या त्यात जर्मनी. २०१३ पासून टीव्ही असो नसो, घरटी फी, महिन्याला १८.३६ युरो. किती लागतील ते एक स्वतंत्र तज्ज्ञ आयोग ठरवतो. २०२० ला एका राज्याने वाढ अडवली तर २०२१ ला त्यांच्या घटनेच्या कोर्टाने सांगितलं की असं अडवता येणार नाही, आणि वाढ लागू केली. दुसरं फिनलंड, तिथे २०१३ पासून उत्पन्नावर छोटा कर आहे, जास्त कमावणारा जास्त देतो, त्यालाही वरची मर्यादा आहे, आणि गरिबाला माफ. स्वित्झर्लंडने तर २०१८ ला लोकांनाच मतदानात विचारलं की फी बंद करायची का, ७१ टक्क्यांहून जास्त लोक नको म्हणाले.

आपल्याकडे घरटी फी चालणार नाही, आप्पांनी कारण सांगितलंच. मला वाटतं आपला रस्ता त्या १९९५ च्या निकालात आहे. लहरी जनतेच्या, तर त्यावर जो धंदा करतो त्याच्याकडून हिस्सा घ्या. मोबाईल कंपन्या आजही आपल्या महसुलाचे ५ टक्के ग्रामीण सेवेच्या निधीत भरतात, आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. तसाच एक निधी प्रसारणासाठी करा. खासगी टीव्ही, डीटीएच, मोबाईलवर व्हिडिओ दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्या, सगळ्यांकडून ठरलेली टक्केवारी. वरून बजेटमधून माणशी ठरलेली रक्कम, एकदम पाच वर्षांची, म्हणजे दरवर्षी हात पसरायला नको.

टपालवाले_आप्पा
चोपडेकर, तो मोबाईलचा निधी हजारो कोटींनी वर्षानुवर्षं न वापरता पडून होता हेही लिहा. निधी काढला म्हणजे काम झालं असं नसतं.

आकडेमोड_चोपडा
बरोबर आप्पा. म्हणून तो निधी मंत्रालयाच्या खात्यात न ठेवता कायद्याने थेट प्रसार भारतीकडे गेला पाहिजे आणि त्यातला निदान निम्मा केंद्रांच्या कार्यक्रमावर, पगार आणि इमारत सोडून.

शेवभाजी_स्पेशल
कार्यक्रमावर म्हणजे आमच्या फर्माईशी परत सुरू करा. आणि भरताच्या सीझनला रेडिओवर भरताची रेसिपी सांगा, बामणोदचीच वांगी लागतील म्हणून.

मांडे_खापरावरचे
वांगी काट्याकुट्यांवर भाजलेली पाहिजेत, गॅसवर नाही. आणि बामणोदची वांगी थंडीतच खरी.

केळीबाग_रावेर
भरीत नंतर, आधी विषय संपवू 😄 माझी एक भर. सगळं दिल्लीने ठरवलं तर काय होतं त्याचं उदाहरण ताजं आहे. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा निर्णय आला होता. लोकांनी ओरड केली, वर्तमानपत्रांनी उचललं, निर्णय थांबला. पुणं होतं म्हणून ओरड ऐकू गेली. आपल्याकडचं एखादं युनिट असं बंद झालं असतं तर कोण ओरडलं असतं? आणि खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला तर परवानगीच नाही, फक्त आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. म्हणजे रेडिओवर जिल्ह्याची बातमी द्यायची ताकद कायद्याने एकट्या आकाशवाणीकडे, आणि तिच्याकडे बातमीदार ठेवायला पैसा नाही. हतनूरचे दरवाजे उघडले, खाली तापीकाठच्या गावांनी सावध राहावं, ही बातमी कुणाला जाहिरातीसाठी परवडते?

पांझराकाठचा_पवन
खासगी एफएमला बातम्यांची परवानगी द्यावी असं माझं मत आहे. स्पर्धा आली की आकाशवाणीपण सुधारेल. पण तुमचं म्हणणं कळलं, परवानगी दिली तरी ते गिऱ्हाईक असेल तिथल्याच बातम्या देतील, मास्तरांच्या अक्राणीत (धडगाव तालुक्यात) कुणी जाणार नाही.

धडगाव_मास्तर
अक्राणी म्हटलंत, बरं वाटलं.

गिरणाकाठ
सगळ्यांचं वाचून माझं मत थोडं बदललं आहे. सुरुवातीला मी म्हणालो सगळ्यांनी द्यावं. अजूनही तेच म्हणतो, पण घरटी वसुली नको, करातून आणि लहरींवर धंदा करणाऱ्यांकडून घ्यावं, हे चोपडेकरांचं पटलं. उद्घोषिका ताईंचा डब्याचा मुद्दा मी आधी धरलाच नव्हता एवढा. केंद्राला मिळणारा पैसा माणसांच्या संख्येवर वाटला तर मास्तरांच्या पाड्याला पुन्हा काहीच मिळणार नाही, तिथे माणसं थोडी आणि डोंगर फार. म्हणून वाटणी करताना भाषा आणि अंतर धरावं असं मला वाटतं. मीडियम वेव्ह बंद करायचा असेल तर त्याआधी त्या भागात दुसरं काय पोचतं ते तपासून, लोकांना विचारून मगच.

भुसावळ_यार्ड
ठीक आहे भो, माझे महिन्याचे नऊ रुपये घ्या. पण एक अट. प्रत्येक केंद्राने वर्षातून एकदा आपला हिशोब रेडिओवर वाचून दाखवायचा. किती आले, पगारात किती गेले, गाडीच्या डिझेलला किती, कलाकारांना किती, कुठल्या गावात जाऊन रेकॉर्डिंग केलं. साध्या मराठीत आणि अहिराणीत. आप्पांच्या काळात लोक पोस्टकार्ड टाकायचे, आम्ही व्हॉट्सॲप करू.

उद्घोषिका_ताई
भुसावळकर, असा हिशोब वाचायला मी मानधन न घेता येईन.

टपालवाले_आप्पा
मानधन घ्याच ताई. फुकट काम केलं की मग पुढच्या वर्षी त्या रकान्यात शून्य लिहितात आणि कायमचं शून्यच राहतं.

धडगाव_मास्तर
हिशोब पावरीतपण वाचा. मी भाषांतर करून देतो, माझ्या शाळेतली एक माजी विद्यार्थिनी आहे, आवाज चांगला आहे तिचा, ती वाचेल. तिलाही मानधन द्या.

केळीबाग_रावेर
मंजूर. फक्त संध्याकाळी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाच्या वेळेत नका वाचू, तेव्हा आम्हाला भाव आणि हवामान ऐकायचं असतं.